काचेच्या आतल्या बाजूला

एप्रिल संपत आला होता. सोलापुरात कन्ना चौकाच्या पुढे एका बँकेसमोर गाडी लावून मी आईची वाट बघत बसले होते. पुढच्या काचेतून ऊन थेट मांडीवर यायला लागलं म्हणून मी उठून मागच्या सीटवर गेले. मागच्या दोन्ही दारांना आप्पांनी, माझ्या वडिलांनी, लावलेली काळी फिल्म अजून होती, त्यामुळे मागे जरा बरं वाटायचं. तेवढ्यात एक बाई दाराशी येऊन थांबली. पन्नाशीची असेल. कमरेवर विड्यांची टोपली, वरून फडकं गुंडाळलेलं. कारखान्यात विड्या द्यायला निघाली असणार. टोपली एका हाताने सावरत तिने आमच्या काचेत बघितलं. पदराने कपाळ टिपलं, घामाने फिसकटलेलं कुंकू करंगळीच्या टोकाने नीट केलं, कानामागची बट मागे सारली. मग तोंड उघडून दाढेकडचं काहीतरी बघितलं. एवढं झाल्यावर ती निघून जाईल असं मला वाटलं, पण ती थांबली आणि काही न करता स्वतःकडे बघत राहिली. "अब्बा, एम एंडा," असं तेलुगूत पुटपुटली. काय हे ऊन! तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता.

मला काय करावं ते कळेना. खाकरले असते तर ती दचकली असती. काच खाली केली असती तर ओशाळली असती, आणि टोपली घेऊन घाईने निघाली असती. बाहेर लख्ख उजेड आणि आत अंधार असला की अशा काचेचा बाहेरून आरसा होतो. तिला माझा मागमूसही लागणं शक्य नव्हतं. मी मान खाली घातली आणि ती जाईपर्यंत वर केली नाही. आई आली, आम्ही घरी आलो, जेवलो. दुपारभर ती बाई मनातून हलेना. घरातून निघून कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर तिच्या वाट्याला आलेला तेवढाच एक निवांत क्षण असेल, आणि त्यात तिला न सांगता मी शिरले होते.

फिल्म काढायची हे त्या संध्याकाळी ठरलं.

तशी ती काढायला निमित्तं पुष्कळ होती. काळी म्हणायची, पण काळेपणा कधीच गेला होता. काचा जांभळ्या पडल्या होत्या, बुडबुडे आले होते. बुडबुड्यांतून बघितलं की समोरची रिक्षा मध्येच लांबायची, मध्येच आखडायची. रात्री मागून येणाऱ्या गाडीचा दिवा पडला की सगळी काच दुधाळ व्हायची. गाडीच्या पुनर्नोंदणीची वेळही जवळ आली होती आणि अशा काचा घेऊन आरटीओत जाण्यात अर्थ नव्हता. पण ही सगळी कारणं वर्ष-दोन वर्षं समोर असूनही मी हात लावला नव्हता. कारण ती फिल्म आप्पांची होती.

आप्पांचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान होतं. डिझेल इंडिका घेतली तीही मालासाठीच. मागच्या सीटवर नमुन्यांचे गठ्ठे टाकून ते लातूर, गुलबर्गा, विजापूर करायचे. मोरपंखी, डाळिंबी, गर्द निळ्या चादरी. उन्हात दिवसभर गाडी उभी राहिली की वरच्या घडीचा रंग उडायचा आणि गिऱ्हाइकासमोर चादर उलगडली की घडीवर फिका पट्टा दिसायचा. व्यापाऱ्याची अब्रू जायची त्यात. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, त्यामुळे रंग खाणारे किरण तिथे बहुतेक अडतात. दारांच्या साध्या कडक काचेतून मात्र त्यातले बरेच आत येतात. आप्पांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. दाराच्या बाजूची चादर आधी फिकी पडते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून सात रस्त्याजवळच्या एका दुकानातून त्यांनी फिल्म बसवून घेतली. गल्लीत लोक म्हणाले, आप्पा पुढारी झाले. आप्पांना त्याचं काही नव्हतं. माल झाकला जातोय ना, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढे २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, हे १९८९ च्या नियमांत होतंच. पण तो हिशेब कारखान्यातून आलेल्या काचेचा आहे, तिच्यावर वरून काही चिकटवायला नियमात जागाच नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. ४ मेपासून फिल्म बंद. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना तेवढी सूट. आप्पांनी पेपर दोनदा वाचला, पुढच्या दोन दारांची फिल्म काढून टाकली आणि मागच्या तीन काचांना हात लावला नाही. "मागं माणूस नाही, माल बसतो," म्हणाले. काळ्या काचांआड काय काय चालतं, बायका-मुलींना त्यातून कसा धोका होतो, हे त्या खटल्यात मांडलेलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीतल्या त्या बसची बातमी आली, तिच्या काळ्या काचांची आणि पडद्यांची चर्चा घराघरात झाली. तेव्हा मी आप्पांना म्हटलं होतं की उरलेलीही काढा. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर दुकान कमी झालं, गाडी कमी निघायला लागली, आप्पाही गेले. फिल्म राहिली.

फिल्म काचेच्या आतून लावलेली असते. बाहेरून कितीही धुतली तरी तिला पाणी लागत नाही. पॉलिस्टरचा पातळ पापुद्रा आणि त्याला एका बाजूने गोंद. हा गोंद वर्षानुवर्षं उन्हात भाजत राहतो आणि शेवटी काच सोडायला लागतो, तेच ते बुडबुडे. पण सगळीकडे एकदम सोडत नाही. जिथे सोडला तिथे फुगा आणि जिथे धरला तिथे जीव गेला तरी सुटायचा नाही. गंमत अशी की तो सोडवायलाही ऊनच लागतं. थंड काचेवरून फिल्म ओढली की ती चिंध्या होऊन येते आणि गोंद मागे राहतो. म्हणून मी भवानी पेठेतल्या आमच्या घरासमोर, कडुनिंबाची सावली सोडून, भर उन्हात गाडी लावली. गल्लीत याचं सगळ्यांना नवल. समोरचे काका ओट्यावरून म्हणाले, "काय करायलाव ओ? सावलीत घ्या की गाडी!" मे महिन्यात पारा ४३-४४ वर जाणाऱ्या गावात कुणी मुद्दाम उन्हात गाडी लावत नाही.

कचऱ्याची काळी पिशवी काचेच्या आकाराची कापली, बाहेरून काचेवर शाम्पूचं पाणी मारून चिकटवली. काळी पिशवी ऊन पिते आणि काच तापवते. आतून फिल्मवरही तेच पाणी फवारलं आणि वाळू नये म्हणून त्यावर दुसरी पिशवी. दाराच्या बटणांवर, सीटवर दुकानातले जुने टॉवेल अंथरले. काहीजण अमोनिया मारतात, पण गाडीच्या आत बसून तो वास घेणं मला नको होतं. तासाभराने काच दोन बोटं खाली घेतली, वरच्या कडेशी ब्लेड आडवं धरून फिल्मचा कोपरा उचलला. तो चिमटीत आला तेव्हा मऊ होता, कोमट. मग खरी गोष्ट सुरू झाली ती संयमाची. फिल्म आपल्याकडे ओढायची नाही, काचेला जवळजवळ टेकवून खाली खाली न्यायची. आणि इतकी सावकाश की गोंद तिच्याबरोबर सुटून येतोय तो डोळ्यांना दिसला पाहिजे. काच आणि फिल्म जिथे एकमेकींना सोडतात तिथे गोंदाचे बारीक पांढरे धागे ताणले जातात, तुटतात, पुन्हा पुढचे ताणले जातात. हात जरा घाईला आला की 'चर्र' आवाज होतो आणि भोकरातल्या चिकासारखा गोंद काचेवरच राहतो. एका ठिकाणी फिल्मचे दोन पापुद्रे होते, वरचा आला आणि खालचा रंगाचा तसाच चिकटून राहिला. तिथे शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा हेअर ड्रायर घेऊन आला, बाहेरून काच तापवत उभा राहिला आणि मी आतून नखाने कड शोधत राहिले.

दाराच्या खालच्या बाजूला रबराची पट्टी असते, तिच्या आत फिल्मची शेवटची बोटभर कड गेलेली होती. ती ओढून काढली आणि मी हातातलं काम थांबवलं. ती कड काळी होती. पूर्ण काळी, बसवली त्या दिवशी होती तशी. वरची सगळी फिल्म जांभळी आणि ही बोटभर पट्टी काळी, मधली रेघ ब्लेडने आखल्याइतकी सरळ. स्वस्त फिल्मचा काळा हा एक रंग नसतो, दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो. त्यातला प्रत्येक रंग उन्हात आपापल्या वेगाने मरतो आणि जो चिवट तो मागे उरतो, म्हणून जुन्या काचा जांभळ्या दिसतात. आप्पा नवा माल आला की प्रत्येक रंगाचा तुकडा कापून गच्चीवर उन्हात ठेवायचे, अर्धा उघडा आणि अर्धा पुठ्ठ्याखाली झाकलेला. आठ-पंधरा दिवसांनी पुठ्ठा काढायचा आणि दोन्ही भाग शेजारी बघायचे. मला वर हाक मारायचे. "बघ, फरक दिसतो का? खरं सांग." मी लहान होते, त्यांना बरं वाटावं म्हणून "नाही दिसत" म्हणायचे, आणि ते म्हणायचे, "नीट बघ, माल आपला असला म्हणून काय झालं." फरक दिसला की तो रंग ते दुकानात ठेवत नसत. चादरींचे रंग जपायला लावलेल्या या फिल्मचा पुठ्ठा मात्र त्यांनी कधी उचलून बघितला नाही. मी ती पट्टी धुतली, पुसली आणि त्यांच्या हिशेबाच्या वहीत ठेवली.

आई ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. तिला सावलीत खुर्ची दिली होती, पाण्याचा तांब्या होता. पहिली काच मोकळी झाली तेव्हा मला वाटलं ती खूश होईल. आरपार दिसत होतं, काचेतून समोरच्या घराचा निळा दरवाजा निळाच दिसत होता. ती म्हणाली, "मला आवडायची की गं ती काच."

मी म्हटलं, "अगं, तुला आतून काही दिसायचं नाही नीट."

"दिसायचं नाही ते राहू दे. मी कुणाला दिसायचे नाही."

मग ती बोलत राहिली आणि मी दुसऱ्या काचेशी ब्लेड धरून ऐकत राहिले. गाडी आली तेव्हा तिचा संसार जुना झाला होता, पण गल्लीत आणि दुकानाच्या लोकांसमोर डोक्यावरचा पदर तसाच होता. तुळजापूरला निघालं की नाका सुटेपर्यंत ती ताठ बसायची, मग लक्षात यायचं की काच काळी आहे, आणि पदर खांद्यावर घ्यायची. चपला काढून पाय वर घ्यायची. शेंगदाणे खायची, गाणं गुणगुणायची. "तुझे आप्पा आरशात बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत." मावशी गेली तेव्हा अक्कलकोटहून येताना सोलापूर येईपर्यंत ती त्या काचेला कपाळ टेकून रडली. "घरात कुठं रडायला जागा होती? बारा माणसं. मोरीत गेलं तरी बाहेरून कडी वाजवायचे." हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्याच काचेला कपाळ टेकलेली आई मला दिसली. मग वाटलं, आप्पांनी मागची फिल्म काढली नाही ती फक्त मालासाठी होती का? त्यांना विचारायचं राहिलं.

त्या दिवशी मला काळी काच म्हणजे फक्त लपून बघणं वाटली होती. कायदा सांगतो ते धोक्याचं आहे, आणि ते खरं आहे. बाहेरच्या बाईला आतलं दिसत नसेल तर तिच्याजवळ थांबलेल्या गाडीवर तिने विश्वास का ठेवावा? हे मला पूर्ण पटतं, म्हणून ब्लेड खाली ठेवलं नाही. पण आईने जे सांगितलं तेही तेवढंच खरं आहे. बाईला आडोसा लागतो. तोंड पुसायला, केस सोडायला, रडायला, काहीच न करता बसायला. आईला तो आयुष्यात उशिरा मिळाला, आणि तोही कुणी तिच्यासाठी म्हणून दिला नव्हता. चादरींबरोबर मिळाला. विड्या वळणाऱ्या बायकांचं काम उंबऱ्यात चालतं, मांडीवर सूप, येणारा-जाणारा बघतोय, पोरं अंगावर, हात सतत चालू. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी. सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरं उभी राहिली, २००६ मध्ये त्यांचं लोकार्पण झालं. त्या वसाहतीबद्दल बोलताना आपण भिंती, छपरं, कर्जाचे हप्ते मोजतो. बायकांनी सर्वांत आधी काय केलं असेल ते मला आता कळतं. दार आतून लावून बघितलं असेल.

मागची मोठी काच शेवटी ठेवली होती. तिच्यावर आडव्या तांबूस रेघा असतात, धुकं घालवायला काच गरम करणाऱ्या. त्या काचेत नसतात, आतल्या बाजूने काचेवर भाजलेल्या असतात, फिल्मच्या बरोबर खाली. तिथे ब्लेड चालवायचं नाही. एक रेघ एका जागी कापली गेली की ती अख्खी रेघ बंद पडते. ब्लेड उचलून बाजूला ठेवलं, जुनं एटीएम कार्ड घेतलं आणि रेघेच्या दिशेनेच, डावीकडून उजवीकडे, बोटभर बोटभर पुढे गेले. गाडीच्या मागच्या बाजूला गुडघे टेकून, मान वाकडी करून करायचं काम ते. घाम पापण्यांवरून काचेवर पडत होता. कोमट पाणी, कार्ड, टॉवेल. पुन्हा कोमट पाणी. उरलेल्या गोंदाला खोबरेल तेल लावून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साबणाने पुसलं. धुक्याचं सोलापुरात किती काम पडतं, ते बटण आप्पांनी कधी दाबलं होतं की नाही तेही मला माहीत नाही. तरीही काम संपल्यावर मी ते दाबून बघितलं आणि काचेवर तळवा ठेवला. सगळ्या रेघा गरम झाल्या.

आता मागे ऊन लागतं, हे खरंच आहे. पहिल्याच फेरीला आईने मागे बसायला नकार दिला आणि पुढचं दार उघडलं. इतक्या वर्षांत ती त्या सीटवर बसली नव्हती. आप्पांच्या शेजारी आधी आजोबा, मग दुकानातले मुनीम, मग मी. पट्टा लावायला तिला वेळ लागला, गुडघ्यांवर ऊन आलं म्हणून मांडीवर टॉवेल घेतला, आणि मग अशोक चौकापासून ती बोलायला लागली ती थांबलीच नाही. ही मिल कुठली, ते थिएटर कुठे गेलं, हा पूल कधी झाला. मधूनच मला म्हणायची, "सावकाश घे, बैल आहेत पुढं." परवा अक्कलकोटहून परत येताना वळसंगच्या अलीकडे रस्त्याकडेला एक माणूस कैऱ्यांचा ढीग लावून बसला होता. तिने तो लांबूनच बघितला आणि माझ्या हातावर हात मारला. मी गाडी कडेला घेतली. डोक्यावर पदर नव्हता, काच तिने स्वतः पार खाली केली होती आणि कोपर बाहेर काढून ती त्याला सांगत होती, "लोणच्याच्या आहेत का खरंच? कापून दाखव एक. आणि भाव नीट लाव, मी चाटी गल्लीतली आहे."